एक वीत खाली

दोर लावला तेव्हा अण्णारावांना कुणी विचारलं नाही. गिरणीतला जुना सोबती इमामसाब, त्याच्या ओट्यावर तासभर बसून ते घरी आले, तेवढ्यात भिंतीला सात कड्या ठोकून झाल्या होत्या आणि त्यांतून बोटाएवढा जाड सुती दोर ओवला गेला होता. खाटांपासून निघालेला तो दोर मधल्या खोलीच्या भिंतीवरून, स्वयंपाकघराच्या दाराशी जरा तुटून, पुढे थेट न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. खाली त्यांचा मुलगा शिवयोगी उकिडवा बसून पडलेला चुना पत्र्यावर गोळा करत होता. चाळिशीचा माणूस, कचेरीत हेडक्लार्क, आणि तोंडावर भाव असा की जणू घरात नळ आणला. थंडीत फरशी लई गार पडते, धरायला बरं, एवढंच तो म्हणाला. कुणाला बरं ते त्याने सांगितलं नाही आणि अण्णारावांनी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? घरात सत्तरीला टेकलेला माणूस एकच होता. गिरिजाबाई त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, दिवसभर घरात फिरणारी, कधी शिंकसुद्धा न येणारी बाई. म्हणजे दावं त्यांनाच लावलं होतं. गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाला लावतात तसं, फक्त गळ्याऐवजी भिंतीला. ते दोराजवळ जाऊन उभे राहिले. दोर धरून चालायचं तर गुडघ्यात वाकावं लागे. कमरेच्या चांगला एक वीत खाली. मग मात्र त्यांना हसू आलं. ज्याच्या बापाने तीस वर्षं कापडाचा पन्हा नुसत्या नजरेने सुतासुताला सांगितला, त्या बापाची उंची याला दहा वर्षांच्या पोराएवढी वाटली काय? कारकुनाला माप कसलं येणार? त्याला आवक-जावक येते.

गिरणीच्या साळखात्यात, मागांच्या त्या शेडमध्ये, फरशीवर बाराही महिने तेलाचा थर असायचा. यंत्राचं तेल, त्यावर कापसाची पिंज, त्यावर पुन्हा तेल. नवा माणूस पहिल्या दिवशी चपला घालून यायचा आणि दुपारच्या आत कुठल्यातरी मागाच्या पायाशी आडवा व्हायचा. सगळी शेड हसायची, मागांवरचे मुकादम, जॉबर अण्णाराव, सगळ्यांत मोठ्याने. तेलावर अनवाणी चालायचं असतं. अंगठा आधी रोवायचा, मग बाकीची बोटं आवळायची, टाच नुसती मागून येते. हे कुणी शिकवत नाही, पाय शिकतात. अण्णारावांचे पाय असे शिकले होते की घरात, बाजारात, देवळात, कुठेही गेले तरी ते जमिनीला बोटांनी धरूनच चालायचे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी पायांनी ती सवय सोडली नव्हती. आणि त्याच्याही आधी, विशीत असताना, दोन वर्षं त्यांनी सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलला होता. घरांच्या माड्यांपेक्षा उंच काठी, वर साज, गर्दीचे धक्के, आणि ती रेसभर कलू द्यायची नाही. माणूस पडणं ही त्यांच्या लेखी दुर्घटना नव्हतीच. तो स्वभाव होता. काही माणसं पडणारी असतात, काही नसतात, आणि पडणारी माणसं पडायच्या आधीपासून ओळखू येतात. ती बोलतानाही कशाला तरी टेकून बोलतात. शिवयोगी लहानपणापासून तसाच होता, कपाटाला टेकून धडे वाचायचा.

हे सगळं खूळ आलं कुठून तेही त्यांना ठाऊक होतं. भवानी पेठेत नवा दवाखाना घातलेल्या डॉक्टरने पौष लागताना एक पत्रक छापून घरोघर वाटलं होतं. थंडीच्या दिवसांत वृद्धांनी घ्यावयाची काळजी. अण्णारावांनी ते चष्मा न लावता, ओसरीवर उभं राहून, सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं होतं. तळपायाला तेल लावून चालू नये. फरशी कोरडी ठेवावी. पहाटे अंधारात न्हाणीकडे जाऊ नये. भिंतीला धरण्यासाठी काही सोय करावी. डोळे तपासून घ्यावेत. वा रे वा. म्हणजे शेवटी डॉक्टरकडे यावं, हेच की सगळ्याचं सार. करडईच्या तेलाने ज्याच्या टाचा सत्तर हिवाळे शाबूत राहिल्या त्याला हा कालचा पोरगा तेल लावू नको म्हणणार. आणि डोळ्यांचं तर बोलायलाच नको, अण्णाराव अजून सुईत दोरा ओवून द्यायचे. गेलं वर्षभर गिरिजाबाई गोधडी शिवायला बसली की सुई घेऊन त्यांच्यापुढे यायची. "तेवढा घाला की," म्हणायची आणि मान दुसरीकडे करायची. ते एका झटक्यात ओवून द्यायचे आणि बायकांना एवढंही जमत नाही म्हणून हसायचे. ते पत्रक त्यांनी शेंगांच्या टरफलांसाठी वापरलं. शिवयोगीने तेवढ्यात ते वाचलं असावं, कारण कारकुनाला छापील कागद दिसला की तो त्याला हुकूम वाटतो.

इमामसाब मात्र पडला होता. साळखात्यात मागांना तेल घालायचं काम ज्याने अठ्ठावीस वर्षं केलं, जो हातात तेलाची झारी घेऊन मागांच्या मधून नाचत जायचा, तो स्वतःच्या अंगणातल्या नळाशी, सकाळी तोंड धुताना पडला. महिना झाला, ओट्यावरच्या बाजल्यावर पडून होता. अण्णाराव रोज जाऊन बसत. आपण माया म्हणून जातो असं ते स्वतःला सांगत, पण खरं म्हणजे त्यांना त्याच्याकडे बघायचं असे. एवढासा झालेला चेहरा, उशाशी काठी, पायाशी गाडगं. यानेसुद्धा दगा दिला, असं त्यांना वाटे आणि रागच येई. दोराची गोष्ट त्यांनी त्याला हसत हसत सांगितली, तेव्हा इमामसाब हसला नाही. सरदारबी, त्याची बायको, आत कांदा चिरत होती, तिकडे एकदा बघून तो म्हणाला, "अण्णा, पडनं काय नाय रे. पडल्यावर घरात सगळे हळू बोलाय लागतात, तेचा तरास हाय." अण्णारावांना हे पटलं नाही. घरात सगळे हळू बोलतात, कारण पडलेल्या माणसापुढे मोठ्याने बोलायला कुणालाही लाज वाटते. ते उठले आणि मुद्दाम ओट्याच्या तीन पायऱ्या कशाला न धरता उतरले. मागे इमामसाब बघत असणार हे त्यांना माहीत होतं.

पण घरी दोर होताच. तीन आठवडे तो त्यांच्या डोळ्यांपुढे राहिला. जेवताना समोर, झोपताना उशाशी. ते त्याला कधी हात लावत नसत, मधून चालत, खोलीच्या बरोबर मध्यावरून, आणि आपण मध्यावरून चालतो आहोत हे सुनेने बघावं अशा बेताने चालत. गिरिजाबाईने एकदा चिडवलं होतं, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय म्हनत्यात, त्ये काय खोटं न्हाय." आणि मग, "असू द्या की भितीवर. तुमाला खातोय व्हय?" तिचं हे दोराच्या बाजूने बोलणं त्यांना जास्त लागलं. अलीकडे ती एकूणच निष्काळजी झाली होती. डाळीत खडे निघत. चटणीत दोनदा मीठ पडे. कोपऱ्यावरच्या गणपतीला रोज जाणारी बाई, आता सून निघाली तरच निघे. अण्णारावांनी त्याचं एकच निदान केलं होतं, सून हाताशी आल्यावर बायका आळसावतात. दोराची कड घेणारी ती बाई त्यांना अचानक त्या पडणाऱ्या माणसांच्या पंगतीतली वाटू लागली. भिंत, दोर, काठी, कुणाचा तरी दंड. त्यांना स्वतःची आई आठवली. गावी, मैंदर्गीच्या घरात ती शेवटची चार वर्षं भिंत चाचपत फिरायची. मोतीबिंदू पिकलेले, हात तेलकट, आणि पांढऱ्या भिंतीवर चुलीपासून दारापर्यंत तिच्या हाताचा एक काळा पट्टा उठला होता. गिरणीतून सुट्टीवर गेलं की आधी तो पट्टा दिसायचा. सोबत गिरणीतले मित्र असत, त्यांनाही दिसायचा. एकदा ते आईवर ओरडले होते, भिंत काळी करतेस, जरा सरळ चालता येत नाही का. म्हातारीने हात मागे घेतला आणि तशीच उभी राहिली. चुलीशी बसलेली गिरिजाबाई, तेव्हा लग्नाला वर्ष झालेली, खाली मान घालून भाकरी थापत राहिली. आई गेली त्या महिन्यात त्यांनी सगळ्या भिंतीला चुना मारून घेतला होता. दोन हात दिले तरी पट्टा खालून दिसायचा.

भोगीच्या दिवशी घर रिकामं झालं. नंदीध्वज निघणार म्हणून अख्खी पेठ रस्त्यावर आली होती, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सकाळपासून गल्लीतून जात होती. शिवयोगीने चला म्हटलं तेव्हा अण्णाराव नको म्हणाले. गर्दीत तो आपलं कोपर धरणार, आणि ज्या रस्त्यावर आपण नंदीध्वज पेलला त्याच रस्त्यावर मुलगा आपलं कोपर धरून उभा आहे हे लोक बघणार. गिरिजाबाईही आधी नको म्हणत होती. चाळीस वर्षं यात्रा न चुकवलेली बाई, म्हणे गर्दीत पाय दुखतात. शेवटी सुनेने, महादेवीने, ओढून नेलं तेव्हा गेली, महादेवीचा दंड नव्या नवरीसारखा घट्ट धरून. अण्णाराव दारातून बघत राहिले. काय ही चाल, त्यांच्या मनात आलं, चिखल नाही, चढ नाही, आणि पाऊल उचलून टाकते आहे. मग ते आत वळले आणि दोर त्यांच्यापुढे होता. लांबून हलग्यांचा आवाज येत होता. त्यांनी ठरवलं वगैरे काही नाही, हातांनीच उशाकडची गाठ धरली. गाठ चांगली होती, गिरणीतली. ती शिवयोगीला आपणच कधीतरी शिकवली होती हे आठवून त्यांना क्षणभर बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याचा राग आला. दोर सात कड्यांतून ओढून काढला, वेटोळं केलं, माळ्यावर फेकलं. कड्या राहू दिल्या. बघू दे त्याला रिकाम्या कड्या, म्हणजे कळेल. नंतर ते खाटेवर बसून राहिले. अंगात कितीतरी दिवसांनी पहिली पाळी सुटल्यासारखं हलकं वाटत होतं.

मंडळी परतली तेव्हा दिवे गेले होते. शिवयोगी गर्दीत मित्रांबरोबर मागे राहिला होता. महादेवीने सासूला हाताला धरून आत आणलं, कंदील लावला, बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली, आणि जेवण झाल्यावर हातालाच धरून खाटेपर्यंत सोडलं. भिंतीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अण्णाराव वाट बघत होते की आता कुणी विचारेल, आता विचारेल. उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही तेव्हा त्यांना जरा फसल्यासारखं झालं. गिरिजाबाईने नेहमीप्रमाणे वाटीत करडईचं तेल घेतलं आणि त्यांच्या पायथ्याशी बसून त्यांच्या टाचा चोळल्या. तिचे हात अंगठ्यावरून, बोटांच्या बेचक्यांतून फिरत होते, बघितल्याशिवाय, अंदाजाने. उद्या संक्रांत, लवकर आंघोळ करून वाण द्यायला जायचंय, म्हणाली. नंदीध्वज कसा होता, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, चांगला होता, उंच होता. काठीचा साज कसला होता विचारलं तर म्हणाली, दरवर्षीसारखाच की. वाटीत उरलेलं तेल तिने आपल्या टाचांना लावलं आणि ती पलीकडच्या खाटेवर निजली.

गिरणीच्या पहिल्या भोंग्याला अण्णाराव जागे झाले. भोंगा झाला की जाग यायची, मग जायचं कुठे नसो. थंडी अशी होती की नाकाचं टोक आपलं वाटत नव्हतं. न्हाणीशी सुनेने बंब पेटवला होता आणि ती शेण-सड्याला अंगणात गेली होती. बंबातल्या निखाऱ्यांचा तांबूस उजेड फरशीवर थोडासा आला होता. गिरिजाबाई उठली, पदर खोचला, आणि तिने उजवा हात बाजूला नेला. अण्णाराव पांघरुणातून बघत होते. हात भिंतीपर्यंत गेला नाही. भिंतीच्या चार बोटं अलीकडे थांबला आणि हवेत मूठ वळली. मूठ रिकामी राहिली. हात थोडा पुढे सरकला, थोडा मागे, खाली, वर, भिंतीला कुठेही न लागता. काय करतेय ही, असं अण्णारावांना वाटलं. त्या वाटण्यात नेहमीची किळस होती, पडणाऱ्या माणसांविषयीची. वेळ होता. एक शब्द उच्चारायला जेवढा लागतो तेवढा, कदाचित दोन शब्दांचा, आणि त्या वेळात ते तिच्या हाताला नावं ठेवत होते. त्यांच्या लक्षात आलं ते एवढंच की तिची मूठ नेमकी त्या उंचीवर वळली आहे, त्यांच्या कमरेच्या एक वीत खाली, तिच्या कोपराच्या रेषेत. तोवर ती तशीच पुढे गेली होती. बंबाशी सांडलेलं पाणी, वर तिच्या तेलाच्या टाचा. पडताना तिने आवाज केला नाही. फरशीचा आवाज झाला, तांब्याचा झाला, आणि मग लहान मुलगी आईला हाक मारते तसं ती फक्त "अव्वा" म्हणाली.

पुढचं सगळं हळू आवाजात झालं. सिव्हिलमध्ये पायाला वजन लावलं, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथल्या डॉक्टरने बॅटरी डोळ्यांत मारून बघितली आणि विचारलं, यांना केव्हापासून दिसत नाही. शिवयोगी म्हणाला, दीड वर्ष. अण्णाराव तिथेच पायथ्याशी उभे होते आणि त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललं आहे. डॉक्टरने आणखी विचारलं, घरात धरायला काही नव्हतं का. शिवयोगीने बापाकडे पाहिलं. तेव्हा खाटेवरून गिरिजाबाई म्हणाली, "व्हता की दोर. मळला व्हता, मीच काडला धुवायला." तिचे डोळे छताकडे होते. ती खोटं बोलतानाही सरळ बोलली. व्हरांड्यात आल्यावर शिवयोगी काही ओरडला नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा, आणि बोलला तेव्हा कारकुनासारखं नाही, मैंदर्गीच्या माणसासारखं बोलला. "डोळ्याच्या ऑपरेशनला चल म्हनलं तर भ्याली. तुमाला सांगतो म्हनलं तर पाया पडली. तवा मी म्हनलं, भितीला धरून तरी चालत जा. तर म्हनली, न्हाय, भित काळी झालेली ह्यांना खपत न्हाय. म्हनून दोर लावला, अप्पा. तिच्या हाताचं माप घिऊन लावला."

 त्यावर म्हणण्यासारखं एकच होतं, आणि ते म्हणायची सवय असलेला माणूस अण्णाराव कधीच नव्हते. घरी येऊन त्यांनी एकट्याने माळ्यावरून वेटोळं काढलं आणि दोर पुन्हा सात कड्यांतून ओवला. उशाशी गिरणीतली गाठ मारली. मारताना त्यांना आपल्या हातांचा तिटकारा आला, मग पायांचा, मग त्या पायांनी जे जे केलं त्या सगळ्याचा. तेलावर न घसरलेल्या माणसाने काय मोठं केलं? तो घसरला नाही, एवढंच. शेजारचा माणूस दीड वर्ष अंधारात चालत होता, याच्यापुढे सुई धरत होता, आणि हा ओवून देत होता आणि हसत होता. रात्रीच्या रात्री त्यांना आईचा तो हात आठवला, मागे घेतलेला. तो हात एका बाईने चुलीशी बसून पाहिला होता आणि पंचेचाळीस वर्षं लक्षात ठेवला होता. त्यांनी तर चुना मारून टाकला होता.

शिवरात्र जवळ आली तेव्हा तिला घरी आणलं. आता चालणं अवघड, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं, तिलाही. तिची खाट मधल्या खोलीत, दोराच्या भिंतीला लागून टाकली. ती दिवसभर त्या दोराला हात लावून पडलेली असे, दोराचा तिला एवढाच उपयोग उरला होता. इमामसाब काठी टेकत एकदा येऊन गेला, तो आणि ती यात्रेबद्दल बोलत बसले, अण्णाराव आत निघून गेले. एका सकाळी, थंडी अजून होती, ते न्हाणीकडे निघाले. तळपाय कोरडे होते, गिरिजाबाई पडल्यापासून त्यांनी तेल लावलं नव्हतं, टाचा उलल्या होत्या. खोलीच्या मध्यावरून चार पावलं गेल्यावर त्यांचं शरीर आपणहून भिंतीकडे वळलं. त्यांनी दोर धरला. धरायला वाकावं लागलं, गुडघ्यात आणि पाठीतही, आणि तसं वाकून ते एकेक पाऊल टाकू लागले. दोर हलला तशी गिरिजाबाईने पडल्या पडल्या मान वळवली. ती थोडा वेळ त्यांची पावलं ऐकत होती.

"लई वाकून चालताय," ती म्हणाली. "कंबर धरंल. शिवयोगीला सांगून तुमच्या उंचीला लावून घ्या की. मला काय, आता नको त्यो."

अण्णाराव थांबले. दोर मुठीत तसाच होता. मग ते तेवढंच वाकून न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि तसेच वाकून परत आले. शिवयोगीला त्यांनी काही सांगितलं नाही.